ऊन गच्चीवरचं, ऊन फीडरवरचं

पारसचं औष्णिक वीज केंद्र बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीपासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरवर, शेगाव आणि अकोल्याच्या मध्ये रेल्वेमार्गाला लागून आहे. २५० मेगावॅटचे दोन संच तिथे चालतात. खामगाव–जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. ती गाडी चिखलीला काही आली नाही, पण रेल्वेने आलेल्या कोळशाची वीज मात्र तारांवरून पोचली. आता गच्च्यांवर सोलर बसू लागल्यापासून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. घरोघर वीज तयार होणार असेल तर पारस, कोराडी, चंद्रपूर हवीत कशाला?

आधी ही केंद्रं एवढी अवाढव्य का झाली ते पाहू. बॉयलर मोठा करत गेलं की त्याच्या आतली जागा बाहेरच्या भिंतींपेक्षा वेगाने वाढते, म्हणून भिंतींतून वाया जाणारी उष्णता त्या मानाने कमी होते. मोठ्या संचात वाफेचा दाब आणि तापमानही जास्त ठेवता येतं. एवढं करूनही कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होऊन बाहेर पडतो. छोट्या बॉयलरमध्ये तेवढंही हाती लागत नाही. म्हणून चंद्रपूरसारखं २९२० मेगावॅटचं केंद्र एका जागी उभं राहिलं आणि वीज दूर नेणं भाग पडलं. दूर नेताना तार तापते. व्होल्टेज दहापट केलं की तीच वीज दहाव्या हिश्शाच्या करंटवर जाते आणि तारेतला तोटा शंभरावा हिस्सा उरतो. शेताशेतांतून गेलेले ते उंच मनोरे या हिशेबापायी आहेत.

सौर पॅनलला यातलं काहीच लागू नाही. एक पॅनल लावा की लाख, अंगावर पडलेल्या उन्हातला साधारण पाचवा हिस्सा प्रत्येक जण विजेत बदलतो. मोठ्या प्रकल्पाला खरेदी, उभारणी आणि धुलाई स्वस्त पडते, एवढाच फरक.

मग घरच्या गच्चीचं काय? फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. तीनशे चौरस फूट मोकळी जागा असली की भागतं, आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज निघते. मे महिन्यात ती सर्वांत जास्त निघेल असं वाटतं, पण पॅनलला हवा असतो उजेड, उष्णता नव्हे. त्याची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पॅनल पासष्ट अंशांपर्यंत तापलं की सात-आठ युनिटांमागे एक गेलंच समजा.

खरी अडचण संध्याकाळची आहे. दुपारी कूलर चालतो तेवढा सोडला तर घराची गरज दिवे लागल्यावर वाढते. नेट मीटरमुळे दुपारी दिलेली युनिटं रात्री परत मिळतात, पण ती फक्त हिशेबात. ग्रीड काहीच साठवून ठेवत नाही. तुमची दुपारची वीज त्याच क्षणी कुणाच्या तरी दुकानातल्या फ्रिजने वापरून टाकलेली असते. रात्री येते ती कोळशाची, नाहीतर कोयनेच्या पाण्याची. आणि लाइन गेली की बॅटरी नसलेलं घरचं सोलरही बंद पडतं. भर उन्हात पंखा थांबला की लोक कंपनीला फोन करतात, पण हा बिघाड नाही. खांबावर वायरमन चढलेला असताना तुमच्या गच्चीवरून तारेत वीज शिरली तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो.

गच्चीवर सोलर बसवू नये असं मी म्हणत नाही, बिल उतरतंच. पण चिखलीसारख्या तालुक्यात उन्हाचं खरं गिऱ्हाईक गावात नसून शिवारात आहे. ओलिताला थ्री फेज लाइन पाळीपाळीने मिळते, आणि रात्रीची पाळी आली की थंडीत, विंचू-सापाच्या भीतीत हरभऱ्याला पाणी द्यायला जावं लागतं. पिकाला पाणी दिवसा दिलेलं चालतं आणि रब्बीत आभाळही निरभ्र असतं. उन्हाच्या वेळेशी असं जुळणारं काम दुसरं नाही.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के रक्कम भरून पॅनलसह पंप मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्केच. रात्रीची चक्कर यातून सुटते. पण पंपाचं एक गणित विहिरीवर उभं राहिल्यावरच कळतं. मोटारीचा वेग निम्मा झाला तर पाणी निम्म्या उंचीवर न जाता पाव उंचीवरच जातं. पूर्ण वेगात साठ मीटर चढवणारा पंप निम्म्या वेगात पंधरा मीटरवर अडतो. म्हणून सकाळी आठला किंवा ढगाळ हवेत मोटार फिरताना ऐकू येते, पण तीस मीटर खालचं पाणी वर येतच नाही. शिवाय पावसाळ्यात ओलित नाही आणि मेमध्ये विहिरीला पाणी नाही, म्हणजे वर्षातले कित्येक महिने ती पॅनलं नुसती ऊन खात बसतात.

मला म्हणून तिसरा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, तो घरातलाही नाही आणि पारसचाही नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०२३मध्ये. सबस्टेशनजवळ अर्ध्या ते पंचवीस मेगावॅटचा प्रकल्प उभारायचा आणि त्यावर शेतीचा फीडर, म्हणजे शेतांना वीज देणारी लाइन, दिवसा चालवायचा, अशी ही योजना. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा तीन मेगावॅटचा प्रकल्प २०२४मध्ये सुरू झाला. इथे वीज दूर न्यावी लागत नाही. ढग आला तरी मोटारीला पूर्ण व्होल्टेज मिळतं, कारण कमी पडलेली वीज ग्रीड भरून काढतं. आणि मोटारी बंद असल्या की उरलेली वीज त्याच सबस्टेशनमधून गावाकडे वळते. पॅनल एकही दिवस रिकामं बसत नाही.

याने मोठी केंद्रं संपतात असं नाही. सूर्य मावळताना सौरवीज शून्यावर येते आणि नेमकी तेव्हाच राज्याची मागणी चढू लागते. बॉयलर थंडावला की पुन्हा पेटवून पूर्ण भारावर आणायला तास जातात, म्हणून पारससारख्यांना दुपारीही मंद आचेवर धगधगत राहावं लागतं. कोयनेचे १९६० मेगावॅटचे संच मात्र काही मिनिटांत चालू होतात. घाटघरला २५० मेगावॅटचं उदंचन केंद्र आहे. जादा वीज असेल तेव्हा पाणी वर चढवायचं आणि गरजेला खाली सोडायचं, असं तिथलं काम. दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत टिकवायचं तर अशी केंद्रं वाढवावी लागतील, आणि ती काही गच्चीवर मावणारी नाहीत.

फीडरच्या योजनेतही एक कळीचा मुद्दा आहे, जागेचा. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं ठरलेलं आहे, त्यामुळे पडीक रानाचा मालक खूश असतो. गायरान घेतलं की प्रश्न उठतो तो मेंढपाळांचा. पॅनलचे खांब उंच केले तर खाली गवतही वाढतं आणि मेंढ्याही चरतात, फक्त लोखंड जास्त लागतं. तो खर्च कुणी सोसायचा, हे ग्रामपंचायतीने जागेचा ठराव करतानाच लिहून घ्यायला हवं.