सगळ्यांच्या आधीची ती

कोल्हापूरची अंबाबाई म्हणजे विष्णूवर रुसून आलेली लक्ष्मी, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. नवरात्रात तिरुपतीहून तिच्यासाठी शालू येतो, तो याच श्रद्धेतून. पण गाभाऱ्यातल्या मूर्तीच्या हातात कमळे नाहीत. म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. मागे सिंह आहे. ही आयुधे दुर्गासप्तशती या देवीग्रंथाला जोडून वाचल्या जाणाऱ्या ‘प्राधानिक रहस्या’त जशीच्या तशी सापडतात. तिथली महालक्ष्मी ही त्रिगुणमयी आद्य परमेश्वरी आहे. महाकाली आणि महासरस्वती तिच्यातून प्रकटतात. त्या तिघींपासून ब्रह्मा, विष्णू, रुद्र आणि त्यांच्या पत्नी जन्मतात. विष्णूला दिलेली ‘श्री’ ही या महालक्ष्मीचीच निर्मिती. करवीरनिवासिनी अंबाबाईचे नाते आधी या विचाराशी आहे.

देवी हेच अंतिम सत्य, हा विचार एका दिवसात उभा राहिलेला नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १२५ वे सूक्त आहे, अवघ्या ८ ऋचांचे. त्याची द्रष्टी वाक् आंभृणी. ती प्रथमपुरुषात बोलते: देवांना मीच धारण करते, सगळ्या भुवनांतून वाऱ्यासारखी मीच वाहते. केनोपनिषदात विजयाने फुगलेल्या देवांपुढे एक यक्ष प्रकटतो. अग्नीला त्याने ठेवलेली गवताची काडी जाळता येत नाही, वायूला ती हलवता येत नाही. तो यक्ष म्हणजे ब्रह्म, हे इंद्राला उमा हैमवती सांगते. इथे ती ब्रह्माची ओळख करून देणारी आहे.

पुढचे पाऊल टाकले देवीमाहात्म्याने. मार्कंडेय पुराणातल्या या १३ अध्यायांनाच आपण दुर्गासप्तशती म्हणतो. अनेक अभ्यासक त्याचा काळ इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपास मानतात. महिषासुराच्या कथेत सर्व देवांच्या तेजातून देवी साकारते, तेव्हा ती देवांनी घडवली असे वाटू शकते. दहाव्या अध्यायात हा संशय फिटतो. दुसऱ्यांच्या बळावर लढतेस, असे शुंभ हा दैत्य तिला हिणवतो. ती उत्तर देते की या जगात माझ्यावाचून दुसरे कोणी नाहीच. तिच्या बाजूने लढणाऱ्या ब्रह्माणीसह साऱ्या मातृका त्याच्या डोळ्यांदेखत तिच्यात विरून जातात. माझ्या मते सप्तशतीचा खरा कळस महिषासुराच्या वधात नसून इथे आहे.

यामागचे तत्त्वज्ञान समजून घेण्यासारखे आहे. सांख्यांनी जग घडवणारी प्रकृती जड मानली आणि पुरुष चेतन. शांकर वेदान्तात ब्रह्म निष्क्रिय. जग दिसते ते मायेमुळे, आणि माया ज्ञानाने नाहीशी होते. देवीलाच परम सत्य मानणाऱ्या शाक्तांनी ही फाळणी नाकारली. त्यांच्या लेखी जाणीव आणि तिची हालचाल एकच आहे, आणि या दोहोंची एकता म्हणजे देवी. म्हणून सप्तशतीच्या पाचव्या अध्यायातल्या स्तुतीत ती बुद्धी आणि दया या रूपांत जशी प्राण्यांच्या ठायी वसते, तशीच भूक, झोप आणि भ्रांती या रूपांतही. चुकणाऱ्या मनातही तीच आहे, असे म्हणायला धैर्य लागते.

अठराव्या शतकातल्या भास्कररायांनी या भूमिकेला शास्त्रीय बैठक दिली. मराठी कुळातले हे पंडित कावेरीकाठी स्थायिक झाले. सप्तशतीवर ‘गुप्तवती’ आणि ललितासहस्रनामावर ‘सौभाग्यभास्कर’ या त्यांच्या टीका आजही प्रमाण मानतात. जग हा ब्रह्माचा आभास नसून खराखुरा परिणाम आहे, असे त्यांनी मांडले. माती घट झाली म्हणून तिचे मातीपण जात नाही, तशी देवी जग होऊनही देवीच राहते. ललितासहस्रनामातले ९९९ वे नाव ‘शिवशक्त्यैक्यरूपिणी’ हेच सांगते. ज्ञानदेवांचा ‘अमृतानुभव’ही शिव-शक्तीच्या अभेदापासून सुरू होतो. तिच्यावाचून शिवाला शिवपण नाही, हे ज्ञानदेव तिथे ठामपणे सांगतात, मग पुढे द्वैत-अद्वैताच्याही पलीकडे जातात.

नवरात्रातल्या पाठात आपले लक्ष युद्धांवर खिळते आणि सप्तशतीचे निमित्तच नजरेआड होते. राज्य गमावलेला सुरथ राजा आणि बायकामुलांनी घराबाहेर काढलेला समाधी वैश्य रानात मेधा ऋषींना भेटतात. ज्यांनी घात केला त्यांच्यासाठीच आमचा जीव का तुटतो, हा त्यांचा प्रश्न. ऋषी म्हणतात, ज्ञान्यांनाही मोहात ओढणारी ती महामाया, आणि प्रसन्न झाली की सोडवणारीही तीच. बांधणारी एक आणि सोडवणारी दुसरी असती, तर जगाकडे पाठ फिरवणे हाच एक मार्ग उरला असता.

शेवटी दोघेही नदीकाठी मातीची मूर्ती करून तिची आराधना करतात. सुरथ हरवलेले राज्य मागतो, समाधी ‘मी-माझे’ संपवणारे ज्ञान मागतो. देवी कोणाला उपदेश करत नाही, कोणाला कमी लेखत नाही. राजाला राज्य मिळते आणि पुढच्या जन्मी सावर्णि मनूचे पद. वैश्याला ज्ञान मिळते. भोग आणि मोक्ष या दोन्हींची धनीण एकच आहे, म्हणून तिच्या दारात संसारी माणसाचे मागणे हलके ठरत नाही. मीठ-मिरचीच्या काळजीने आणि लेकराच्या आजारपणाने गांजलेली बाई ओटी भरायला येते, तेव्हा तीही परम सत्याशीच बोलत असते.