सशाच्या मानेतली खबर

बसा पोरांनो, आज सशाची गोष्ट सांगतो. कासवाकडून हरलेला तो ससा नव्हे. हा जर्मनीतल्या लाइपझिग शहरातला, 1866 सालचा. तिथे कार्ल लुडविग नावाचे प्राध्यापक होते, भारी खटपटी माणूस. बरीच वर्षं आधी त्यांनी एक यंत्र बनवलं होतं. एक फिरता नळा, त्यावर काजळी धरलेला कागद आणि कागदाला टेकलेली काडी. जनावराच्या धमनीत नळी घालायची नि ती पाऱ्याच्या नळीला जोडायची. रक्ताचा दाब वाढला की पारा चढतो, काडी वर सरकते आणि काजळीत पांढरी रेघ उमटते.

त्यांच्याकडे रशियन साम्राज्यातून एली सिऑन नावाचा तरुण आला. दोघांनी ससा निवडला, त्याला कारण होतं. सशाच्या मानेत एक बारीकसा मज्जातंतू सुटा सापडतो. माणसात त्याचेच धागे व्हेगस नावाच्या जाडजूड मज्जातंतूत मिसळून गेलेले असतात, वेगळे काढता येत नाहीत.

तो तंतू त्यांनी कापला. हृदयाकडच्या टोकाला विजेचा हलका झटका दिला. काही झालं नाही, रेघ चालली होती तशीच चालली. मग मेंदूकडच्या टोकाला झटका दिला, आणि रेघ खाली उतरायला लागली. दाब घसरला, हृदयही मंदावलं.

"उलटंच की आजोबा! हृदयाकडच्या टोकाला झटका दिल्यावर हृदयाला कळायला हवं ना?"

शाब्बास. त्या काळच्या शहाण्यांनाही असंच वाटलं असतं. कारण वीसेक वर्षं आधी वेबर बंधूंनी दाखवलं होतं की व्हेगसला झटका दिला की हृदय थांबतं. म्हणजे तो मेंदूचा हुकूम खाली नेतो. हा बारीक तंतू मात्र हुकूम नेत नव्हता, खालची खबर वर पोचवत होता. ती ऐकून मेंदू ठरवत होता, दाब फार झाला, उतरवा.

लुडविग-सिऑनना वाटलं, खबर हृदयातून निघते. पुढे कळलं की ती हृदयाच्या डोक्यावरच्या महाधमनीच्या कमानीतून निघते. दुसरी चौकी हेरिंग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1920च्या दशकात दाखवून दिली. ती मानेत असते, जबड्याच्या कोपऱ्याखाली, जिथे मेंदूकडे जाणारी धमनी दुभागते तिथे. अंहं, हात खाली! ती जागा दाबून बघायची नाही. दाबली की मेंदूला वाटतं दाब वाढला, आणि तो हृदयाला आवरतो. काही म्हाताऱ्यांना तर घट्ट कॉलरनेही भोवळ येते.

या दोन जागी धमनीच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं पसरलेली असतात. भिंत ताणली की ती चेततात. ताण ओळखणारी प्रथिनं आहेत, त्यांना पिएझो म्हणतात. ती शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांना 2021 सालचं नोबेल मिळालं, दुसऱ्या एका शास्त्रज्ञासोबत.

आता खरी गंमत ऐका. ही टोकं संकटात बोंब मारत नाहीत. ती अखंड बोलत असतात, हृदयाच्या ठोक्याठोक्याला. दाब वाढला की जास्त बोलतात, कमी झाला की गप्प होत जातात. आमच्या गावची डिझेलवरची पिठाची गिरणी तशीच होती. पुकपुक चालू असेपर्यंत गिरणीवाला डुलक्या काढायचा, ती थांबली की ताडकन उठायचा.

सई, परवा तू जेवणावरून झटकन उठलीस नि डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणालीस. उभं राहिलं की अर्धा लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त पायांत नि पोटात उतरतं. हृदयाकडे कमी परततं, दाब ढळतो, मानेतली पुकपुक मंदावते. मेंदूच्या बुडाशी मस्तिष्कपुच्छ आहे, तिथे ही शांतता ऐकू येते. लगेच व्हेगसचा लगाम सैल होतो आणि ठोके वाढतात. दुसऱ्या मज्जातंतूंवाटे धमन्यांना आवळायचा हुकूम सुटतो. सगळं काही सेकंदांत. तेवढ्यात जमलं नाही तर तुला अंधारी.

हे तंतूच नसतील तर? अमेरिकेत गायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली कुत्र्यांवर हे पाहिलं. मुक्या जनावरांचं देणं कधी फिटणार नाही, पण निष्कर्ष ऐका. एरवी कुत्र्याचा दाब दिवसभर पाऱ्याच्या 100 मिलिमीटरच्या आसपास राहायचा. तंतू काढल्यावर तो कधी 50 पर्यंत पडे, कधी 160 च्या वर जाई. उठलं, खाल्लं, कुठे आवाज झाला की झाला हेलकावा. आणि तरी दिवसाची सरासरी जवळपास तीच! म्हणजे हे तंतू हेलकावे आवरतात. आकडा कायम राखायचं काम मुख्यतः मूत्रपिंडांचं, मीठ-पाणी कमीजास्त करून.

तंतूंची आणखी एक खोड आहे. दाब दिवसेंदिवस चढाच राहिला, तर ते त्यालाच सरावतात आणि चढ्या आकड्यालाच बरोबर समजून सांभाळत बसतात. माझं बीपी वाढलं तेव्हा मला काडीइतकं जाणवलं नव्हतं. आरोग्य शिबिरात पट्टा बांधला तेव्हा कळलं. म्हणून तर आजी माझ्या ताटातलं लोणचं उचलते.

आता वयानं माझ्या धमन्याही कडक झाल्यात. भिंत ताणत नाही, त्यामुळे खबर अर्धवट जाते, हुकूम उशिरा सुटतो, त्यात वर बीपीची गोळी. म्हणून सकाळी मी पलंगाच्या कडेला मिनिटभर पाय हलवत बसतो, मग उठतो. तुम्हाला वाटतं आजोबा देवाचं नाव घेतायत. तेही घेतो म्हणा.