विश्लेषक व्यक्तिमत्त्व

विश्लेषक व्यक्तिमत्त्व म्हणजे निर्णयापूर्वी पुरावा तपासणारी, बारकावे टिपणारी आणि काटेकोर नोंदी ठेवणारी स्वभावप्रवृत्ती होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून विकसित केलेल्या व्यवसायनिवडीच्या सिद्धान्तातील सहा प्रकारांपैकी ‘संशोधक’ व ‘पारंपरिक’ हे प्रकार तिला जवळचे आहेत.

लेखापरीक्षण, प्रयोगशाळा, सांख्यिकी व पीकपैदास ही क्षेत्रे या प्रवृत्तीस अनुकूल ठरतात. परभणी येथील मराठवाडा कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण विकसित केला. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या हळद्या रोगास प्रतिकारक असा हा वाण ‘पुसा सावनी’ भेंडी व तिच्या जवळच्या एका वनस्पती-प्रजातीच्या संकरातून, अनेक पिढ्यांच्या निवडीने तयार झाला. अशा कामात झाडागणिक लक्षणांची नोंद आवश्यक असते. एका झाडाची खूणचिठ्ठी बदलली, तरी पुढील हंगामांची निवड फसू शकते.

मात्र शेतात रोग दिसताच शेतकऱ्यास तातडीचा सल्ला हवा असतो. तेथे संपूर्ण पुराव्याची वाट पाहिल्यास पीक हातचे जाते. म्हणून एकच गुण एका कामात बळ, तर दुसऱ्या कामात अडसर ठरतो. व्यक्तिमत्त्वाचे प्रकार हे बंदिस्त कप्पे नसून, बहुतेक व्यक्तींत ते कमीअधिक प्रमाणात एकत्र आढळतात.