करार कोणत्या परिस्थितीत झाला?

राजाची सत्ता ईश्वरदत्त नसून लोकांनी आपसांत केलेल्या करारातून निर्माण होते, हा विचार सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये थॉमस हॉब्ज यांनी ‘लेव्हायथन’ (१६५१) या ग्रंथात ठामपणे मांडला. राज्यसंस्था नसताना माणसाची जी दशा असेल, म्हणजेच निसर्गावस्था, ती सर्वांच्या सर्वांशी युद्धाची असून तिच्यातून सुटण्यासाठी माणसे आपले अधिकार सार्वभौम सत्तेच्या स्वाधीन करतात, असे ते म्हणतात. मात्र भीतीपोटी केलेला करारही बंधनकारक असतो, हे त्यांचे मत स्वीकारले, तर विजेत्याने जितांवर लादलेली जवळजवळ कोणतीही अट वैध ठरू शकेल, आणि या सिद्धांताची खरी अडचण तेथेच आहे.

जॉन लॉक यांनी सत्तेला मर्यादा घातल्या. परंतु राज्याच्या रस्त्यावरून केवळ प्रवास करणाऱ्यानेही मूक संमती दिली, असे त्यांनी मानले. डेव्हिड ह्यूम यांनी १७४८ मध्ये यावर घेतलेला आक्षेप आजही निरुत्तर करणारा आहे: झोपेत जहाजावर आणलेल्या माणसासमोर समुद्रात उडी टाकून जीव देणे एवढाच दुसरा मार्ग असेल, तर तो जहाजावर राहिला म्हणून त्याने कप्तानाची हुकमत मान्य केली, असे कसे म्हणावे?

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ (१९७१) या ग्रंथात करार खरोखर झाला होता काय, हा प्रश्नच बाजूला ठेवला आणि न्याय्य परिस्थितीत माणसे कोणत्या नियमांना मान्यता देतील, असा प्रश्न विचारला. त्यासाठी त्यांनी ‘मूळ स्थिती’ कल्पिली, जिच्यात नियम ठरवणाऱ्यांना स्वतःची संपत्ती, वंश, बुद्धी वा धर्म यांची माहिती नसते. यालाच ते ‘अज्ञानाचा पडदा’ म्हणतात. आपण समाजाच्या तळाशी असू शकतो, हे ध्यानात ठेवून ही माणसे सर्वांना समान मूलभूत स्वातंत्र्य देतील, संधीची न्याय्य समानता राखतील आणि आर्थिक विषमता सर्वांत वंचितांच्या हिताची असेल तरच ती स्वीकारतील, असा रॉल्स यांचा युक्तिवाद आहे. अर्थतज्ज्ञ जॉन हर्सानी यांना हे पटले नाही. अशा अनिश्चिततेत माणूस सरासरी हित जास्तीत जास्त होईल असाच पर्याय निवडेल, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु ज्या निवडीवर संपूर्ण आयुष्य अवलंबून आहे आणि जी पुन्हा करता येणार नाही, तिच्या बाबतीत रॉल्स यांची सावधगिरीच अधिक विवेकी वाटते.

याहून गंभीर आक्षेप चार्ल्स मिल्स यांनी ‘द रेशियल कॉन्ट्रॅक्ट’ (१९९७) या पुस्तकात घेतला. प्रत्यक्ष इतिहासातील करार गोऱ्यांनी गोऱ्यांशी केलेला होता आणि इतरांचे शोषण हाच त्याचा आशय होता, हे त्यांनी दाखवले. रॉल्स यांनी मात्र सुव्यवस्थित, आदर्श समाजाचाच विचार मुख्यत्वे केल्यामुळे गुलामगिरीसारख्या जुन्या अन्यायाची भरपाई कशी करावी, हे त्यांच्या तत्त्वांतून फारसे कळत नाही. तरीही मिल्स यांनी पुढे पडद्याची कल्पना टाकून न देता तीच वाकवून घेतली: नियम ठरवणाऱ्यांना आपला वंश माहीत नसावा, पण आपण ज्या समाजात जाणार आहोत त्याला वंशभेदाचा इतिहास आहे, हे मात्र माहीत असावे.