श्वास, हृदय आणि ईसीजीची पट्टी

ईसीजीच्या रिपोर्टवर ‘सायनस ॲऱ्हिदमिया’ असे शब्द दिसले, की घरात काळजी सुरू होते. तरुण, निरोगी माणसात मात्र तो बहुधा आजार नसतो. श्वासाने हृदयाच्या ठोक्यांवर उमटवलेली ती खूण असते.

हृदयाचा वेग आवरून धरण्याचे काम व्हेगस ही चेता करते. श्वास आत घेताना तिची पकड सैल होते आणि ठोके जलद पडतात. श्वास सोडताना ती पुन्हा आवळते आणि ठोके मंदावतात. हे मोजायला पट्टीवरचे चौकोनही पुरतात. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक लहान चौकोन 0.04 सेकंदांचा. दोन उंच टोकांमध्ये 20 चौकोन असतील तर नाडी मिनिटाला 75, 25 असतील तर 60.

मधुमेहात या चेतेला इजा झाली आहे का, हे पाहण्याची एक चाचणी यावरच आधारलेली आहे. रुग्णाने मिनिटाला सहा संथ, खोल श्वास घ्यायचे: पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. कमाल आणि किमान वेगात 15 किंवा अधिक ठोक्यांचा फरक पडला तर ठीक. 10 किंवा त्याहून कमी असेल तर शंका घ्यावी. वयानुसार हा फरक कमी होत जातो, हेही डॉक्टर लक्षात घेतात.

श्वासाचा दुसरा परिणाम वेगावर नव्हे, रेघेच्या उंचीवर होतो. खोल श्वासात छातीखालचा पडदा खाली सरकतो, हृदय अधिक उभे होते, फुप्फुसांत वीज नीट न वाहणारी हवा भरते. त्यामुळे पट्टीवरच्या काही रेघांतली टोके खुजी दिसतात. हृदयाची ताकद मात्र तेवढीच असते.

हे दोन परिणाम वेगळे ओळखले नाहीत तर घोटाळा होतो. 1935च्या सुमारास फ्रेंच हृदयतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस यांनी भारतात योग्यांचे ईसीजी काढले. त्यांतल्या एका आलेखात रेघा जवळजवळ सपाट झाल्या होत्या आणि हृदय थांबवता येते या समजाला बळ मिळाले. पुढे वेंगर, बागची आणि बी. के. आनंद या संशोधकांनी असा दावा करणाऱ्यांची तपासणी करून 1961 साली निष्कर्ष छापले. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारे रक्त घटते. मनगटावरची नाडी लागत नाही, ठोके ऐकू येत नाहीत. ईसीजीवर मात्र हृदय चालूच होते.

म्हणून ईसीजी काढताना श्वास रोखू नका, मुद्दाम खोलही घेऊ नका. नेहमीसारखा चालू द्या. आणि रिपोर्टवरच्या त्या दोन शब्दांचा अर्थ इंटरनेटवर शोधण्याआधी डॉक्टरांना विचारा.