गमावलेली पत आणि मुदतठेवीचे कार्ड
कर्जाचे हप्ते थकल्यामुळे ज्याचा सिबिल गुणांक ३०० ते ९०० या श्रेणीच्या तळाशी गेला आहे, त्याने क्रेडिट कार्डासाठी बँकोबँकी अर्ज करीत सुटू नये. कारण प्रत्येक अर्जासरशी होणारी चौकशी दप्तरी नोंदली जाते आणि गुणांक अधिकच खालावण्याचा संभव असतो. त्यापेक्षा मुदतठेव तारण ठेवून मिळणारे कार्ड श्रेयस्कर. ठेवीवरील व्याज चालू राहते, आणि वसुलीची धास्ती नसल्याने बँकही पूर्वेतिहासाची चिकित्सा सौम्यपणे करते. मात्र वार्षिक शुल्क व व्याजदर आधी पारखावेत, मर्यादेच्या ३० टक्क्यांहून अधिक खर्च टाळावा, आणि किमान देय रकमेवर समाधान न मानता संपूर्ण बाकी मुदतीत चुकती करावी. कारण किमान रकमेने विलंबशुल्क टळते, व्याज नव्हे.