विमानावर हैदराबादचं नाव

भालकी-औरादकडच्या माणसाला विमानाचं अप्रूप नाही. बिदरच्या तळावरची हॉक विमानं डोक्यावरून घोंगावत असतात. ‘सूर्यकिरण’ पथकही तिथलंच. पण या मुलखाचा बॉम्बफेकी विमानांशी संबंध आला तो 1918 साली, आणि तोही खिशातून.

बिदर आणि गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात. पहिल्या महायुद्धात मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिशांच्या 110 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला डीएच-9ए विमानं भेट दिली. लिबर्टी इंजिनाची, दोघांनी बसायची. प्रत्येकावर देणगीदाराचं नाव रंगवलेलं. स्क्वाड्रनच्या नावातच ‘हैदराबाद’ आलं. पैसा सरकारी खजिन्यातला की निजामाच्या खासगी सर्फ-ए-खासमधला, हे हिशेबनिसांनी ठरवावं. दोन्हीकडे मोठा भरणा शेतसाऱ्याचाच. काळ्या रानात ज्वारी-तूर काढणाऱ्याला मात्र आपण जर्मनीवर बॉम्ब टाकतोय याची दादही नसणार. स्क्वाड्रनच्या जर्मनीवरच्या त्या दोनेक महिन्यांच्या मोहिमेत शत्रूने पाडली त्याहून जास्त विमानं अपघातांत मोडली.

3 सप्टेंबर 1939 ला ब्रिटनने पुन्हा युद्ध पुकारलं. दुसऱ्याच दिवशी वॉटिशॅमहून 110 ची पाच ब्लेनहाइम उडाली. प्रत्येकात तिघं : पायलट, वाट काढणारा आणि बॉम्ब सोडणारा निरीक्षक, आणि वायरलेस सांभाळून मशीनगन चालवणारा गनर. म्होरक्या होता फ्लाइट लेफ्टनंट केनेथ डोरान. आभाळ इतकं खाली उतरलेलं की समुद्राला चिकटूनच जावं लागलं. विल्हेल्म्सहाफेनजवळ ‘अ‍ॅडमिरल शीर’ ही युद्धनौका नांगरलेली सापडली. तिच्यावर खलाशांचे कपडे वाळत घातलेले दिसत होते, असं डोरानने नंतर सांगितलं. बॉम्ब पडल्यावर 11 सेकंदांनी फुटायचा, म्हणजे खालून जाणाऱ्या विमानाला निसटायला सवड मिळावी. तीच सवड नडली. जहाजावर पडलेले बॉम्ब न फुटताच उसळून समुद्रात गेले. तोवर जर्मन तोफा सावध झाल्या होत्या. मागून आलेल्या 107 स्क्वाड्रनच्या पाचांपैकी चार विमानं परतलीच नाहीत. 110 चं एक गेलं. ब्रिटिशांची या युद्धातली पहिली बॉम्बफेक ती हीच. डोरानला पदक मिळालं. पुढल्या एप्रिलमध्ये नॉर्वेच्या मोहिमेत तो जर्मनांच्या हाती लागला.

1942 साली हे हैदराबादी स्क्वाड्रन खुद्द हिंदुस्थानात आलं आणि व्हेंजन्स विमानं घेऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलं. पुढे त्याला मॉस्किटो मिळाली. त्यांनी शेवटचा हल्ला केला तो 20 ऑगस्ट 1945 ला, सितांग नदीपलीकडे हटून बसलेल्या जपानी तुकडीवर. जपानने शरणागती जाहीर करून तेव्हा पाच दिवस उलटले होते.